अभ्यासक्रम हलका केला की ओझे कोणाचे उतरते?

दहावीच्या परीक्षेत गणित आणि विज्ञान या विषयांत उत्तीर्ण होण्यासाठी ३५ गुण लागतात. २०२४ साली राज्याच्या नव्या शालेय अभ्यासक्रम आराखड्याच्या निमित्ताने अशी तरतूद पुढे आली की, या विषयांत ३५ पेक्षा कमी परंतु किमान २० गुण मिळवणाऱ्या विद्यार्थ्याला अकरावीत जाऊ द्यावे. मात्र त्याच्या गुणपत्रिकेवर तसा शेरा असावा आणि गणित किंवा विज्ञान लागणारे पुढचे शिक्षण त्याने घेऊ नये. यामागचा विचार समजण्यासारखा होता. केवळ या दोन विषयांपायी असंख्य मुले दहावीच्या उंबरठ्यावर अडतात आणि शिक्षणच सोडतात. ज्याला पुढे मराठी किंवा इतिहास शिकायचा आहे, त्याला बीजगणितासाठी अडवून काय साधते, असा हा प्रश्न आहे.

असा प्रस्ताव आला की दोन प्रतिक्रिया हमखास उमटतात. पहिली म्हणते, गुणवत्तेचा खेळ झाला, आता काहीही न येता मुले वर जाणार. दुसरी म्हणते, नाशिक जिल्ह्यातल्या आदिवासी पेठ-सुरगाण्याच्या आश्रमशाळेतल्या मुलीला आणि नाशिक शहरात गंगापूर रोडवर दोन-दोन क्लास लावलेल्या मुलाला एकाच गजाने मोजणे हाच मुळात अन्याय आहे, तेव्हा गज थोडा सैल केला तर बिघडले कोठे? दोन्ही प्रतिक्रियांत तथ्य आहे. परंतु दोन्ही बाजूंना जो प्रश्न विचारायचा राहून जातो, तो असा की, या मुलांना दहा वर्षांत गणित आणि विज्ञान किती आले, आणि ते येणे हा त्यांचा हक्क आहे की नाही.

शालेय अभ्यासक्रमावरचे जगभरातले वाद थोड्याफार फरकाने याच तीन गोष्टींच्या गुंत्यात अडकलेले दिसतात. कोणाला श्रेय द्यायचे, हा गुणवत्तेचा प्रश्न. कोणाला किती आधार द्यायचा, हा समन्यायाचा प्रश्न. आणि शिकवण्याजोगे काय आहे, हा ज्ञानाचा प्रश्न. पहिल्या दोघांची भांडणे वर्तमानपत्रांत आणि न्यायालयांत होतात, तिसरा प्रश्न मात्र तज्ज्ञ समितीच्या बैठकीपुरता उरतो. या लेखात तिसऱ्या प्रश्नाच्या बाजूने पहिल्या दोघांकडे पाहिले आहे, कारण तसे पाहिल्याशिवाय गुंता सुटत नाही असे मला वाटते.

गुणवत्ता म्हणजे नक्की कशाचे माप?

महाराष्ट्रातल्या दहावीच्या निकालांचे चार आकडे शेजारी शेजारी ठेवून पाहावेत. २०१८ साली राज्याचा निकाल ८९.४१ टक्के लागला. २०१९ मध्ये भाषा आणि सामाजिक शास्त्रे यांचे अंतर्गत मूल्यमापनाचे २० गुण बंद झाले, अभ्यासक्रमही नवा होता, आणि निकाल ७७.१० टक्क्यांवर आला. पुढच्या वर्षी अंतर्गत गुण परत आले आणि निकाल ९५.३० टक्क्यांवर गेला. २०२१ मध्ये कोरोनामुळे परीक्षाच झाली नाही. शाळांनी दिलेल्या गुणांवर निकाल लागला, तो ९९.९५ टक्के होता. चार वर्षांत राज्यातल्या सोळा वर्षांच्या मुलांची बुद्धी आधी घसरली आणि मग आभाळाला भिडली, असे कोणी म्हणणार नाही. बदलली ती मोजण्याची पद्धत. गुणपत्रिकेवरचा आकडा खोटा नसतो, पण तो मुलाइतकाच मोजणाऱ्याबद्दलही बोलत असतो, एवढे यातून कळते.

गुणवत्तेच्या राज्याची कल्पना ज्याच्यामुळे चर्चेत आली, त्या मायकेल यंग या ब्रिटिश समाजशास्त्रज्ञाने १९५८ साली ती उपहास म्हणून मांडली होती. बुद्ध्यांक आणि कष्ट यांच्या बेरजेवर माणसाची जागा ठरवणारा समाज भविष्यात उभा राहिला तर वर बसलेले लोक पूर्वीच्या सरदारांहूनही मगरूर होतील, कारण सरदाराला निदान ठाऊक असते की जन्म हा नशिबाचा भाग होता; गुणवंताला मात्र वाटते की सगळे आपल्याच कर्तृत्वाचे फळ आहे. लोकांनी त्यातला उपहास बाजूला ठेवला आणि कल्पना तेवढी आदर्श म्हणून उचलली, याबद्दल त्यांनी २००१ साली, म्हणजे मृत्यूच्या आदल्या वर्षी, जाहीर नाराजी व्यक्त केली होती.

तरीही परीक्षेच्या बाजूने एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगायला हवी. उत्तरपत्रिकेवर आडनाव नसते, बैठक क्रमांक असतो. ज्या समाजात ओळख, शिफारस आणि जात यांवर प्रवेश ठरत असे, तेथे न ओळखणाऱ्या परीक्षकाने तपासलेला पेपर ही गरिबाच्या मुलासाठी मोठी सोय होती आणि आजही आहे. येवल्याजवळच्या किंवा सटाण्याजवळच्या एखाद्या खेड्यातून तालुक्याला, तेथून नाशिकला आणि मग मंत्रालयात पोहोचलेल्या कितीतरी लोकांची वाट याच बैठक क्रमांकाने उघडली. परीक्षा काढून टाकली की समता येते असे ज्यांना वाटते, त्यांनी परीक्षा नसते तेव्हा निवड कशी होते, हेही पाहावे.

अडचण परीक्षेच्या आधीच्या काळात आहे. फ्रेंच समाजशास्त्रज्ञ पिएर बुर्द्यू यांनी दाखवून दिले की, शाळा ज्या भाषेला, ज्या वागण्याला आणि ज्या माहितीला दाद देते, ती काही मुलांकडे घरातूनच आलेली असते. या घरच्या शिदोरीला त्यांनी सांस्कृतिक भांडवल म्हटले. घरात पुस्तके आहेत, जेवताना बातम्यांवर बोलणे होते, आई-वडिलांची बोली पाठ्यपुस्तकाच्या भाषेच्या जवळची आहे, अशा मुलाला शाळेत शिरताना परके वाटत नाही. सुरगाण्यातले कोकणा आदिवासींचे घर, बागलाणातले अहिराणी बोलणारे घर किंवा मालेगावातले उर्दू बोलणारे यंत्रमाग कामगाराचे घर यांतल्या मुलांना प्रमाण मराठी ही शाळेतच भेटते. शाळेला मात्र हा फरक दिसत नाही. तिला एक मूल हुशार आणि दुसरे कच्चे दिसते. त्यावर पुन्हा खासगी क्लासचा थर चढतो. ‘नीट’ किंवा ‘सीईटी’ या प्रवेश परीक्षांची तयारी करणारे मूल कनिष्ठ महाविद्यालयात नावापुरते आणि क्लासमध्ये दिवसभर असते, ही नाशिकमध्ये आता सांगण्यासारखी बातमीही राहिलेली नाही. अशा परीक्षेत गुण मिळतात ते मुलाच्या कष्टाचे, हे खरेच; पण त्या कष्टाखाली घराने आणि पैशाने बांधून दिलेला ओटा असतो.

सैल गज आणि लांब हात

गुणवत्तेवरची ही टीका एकदा पटली की पुढे दोन वाटा फुटतात, आणि त्या वेगळ्या आहेत हे बहुतेक वेळा लक्षात येत नाही. एक वाट म्हणते की, ज्यांना घरून आधार नाही त्यांना शाळेने जास्त वेळ, चांगले शिक्षक, त्यांच्या बोलीतून सुरुवात, जेवण, वसतिगृह, जे लागेल ते द्यावे आणि त्याच ज्ञानापर्यंत पोहोचवावे. दुसरी वाट म्हणते की, ते ज्ञानच थोडे कमी करावे, म्हणजे सगळे पोहोचतील. पहिली खर्चिक आहे आणि तिचे फळ दिसायला दहा वर्षे लागतात. दुसरीला एक शासन निर्णय पुरतो आणि निकाल त्याच वर्षी सुधारतो. दोन्हींना आपण समन्यायच म्हणतो.

दुसऱ्या वाटेने गेलेल्यांचा एक अनुभव अमेरिकेतला आहे. सॅन फ्रान्सिस्कोच्या सरकारी शाळांनी २०१४ पासून बीजगणिताचा पहिला अभ्यासक्रम आठवीतून काढून सर्वांसाठी नववीत नेला. आठवीच्या बीजगणिताच्या वर्गांत गोरी आणि आशियाई वंशाची मुले जास्त आणि कृष्णवर्णीय व लॅटिन अमेरिकी वंशाची कमी, ही दरी बुजवण्याचा हेतू होता. झाले असे की, ज्यांना परवडत होते त्या पालकांनी मुलांना आठवीतच पैसे भरून बाहेर बीजगणित शिकवले. पुढे उच्च गणिताच्या वर्गांतली दरी अपेक्षेप्रमाणे बुजली नाही, असे अभ्यासकांना आढळले, आणि २०२४ च्या फेब्रुवारीत तेथील शिक्षण मंडळाने आठवीत बीजगणित परत आणण्याचा निर्णय घेतला. शाळेने जे देणे थांबवले ते बाजारात मिळत राहिले. थांबले ते फक्त ज्यांना बाजार परवडत नव्हता त्यांच्यासाठी. नाशिकच्या सधन कॉलेज रोडवरच्या वाचकाला यात नवल वाटू नये.

आपल्याकडचे उदाहरण याहून जवळच्या ओळखीचे आहे. कोरोनानंतर भार कमी करण्याच्या नावाखाली राष्ट्रीय पातळीवरची पाठ्यपुस्तके तयार करणाऱ्या एनसीईआरटीने दहावीच्या विज्ञानातून उत्क्रांती आणि मूलद्रव्यांचे आवर्ती वर्गीकरण हे भाग वगळले. २०२३ साली अठराशेहून अधिक वैज्ञानिक, शिक्षक आणि शिक्षणप्रेमींनी पत्र लिहून उत्क्रांती वगळण्याला विरोध केला. हे विषय अकरावी-बारावीत आहेतच, असे उत्तर मिळाले. उत्तर खरे होते, आणि नेमके तेच अडचणीचे होते. कारण अकरावीला विज्ञान न घेणाऱ्या मुलाची विज्ञानाशी शेवटची भेट दहावीत होते. राज्य मंडळाच्या दहावीच्या पुस्तकांत आवर्ती वर्गीकरण आणि आनुवंशिकता व उत्क्रांती हे दोन्ही धडे आहेत, ही गोष्ट राज्य मंडळाला नावे ठेवताना सहसा कोणी सांगत नाही.

शिकवण्याची पद्धत सोपी करणे आणि शिकवण्याचा विषय कमी करणे यांत आपण किती गल्लत करतो, हे २०१९ साली दिसले. बालभारतीच्या दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात दोन अंकी संख्या ‘एकवीस’ या रूढ वाचनाबरोबरच ‘वीस एक’ अशीही वाचण्याची पद्धत आली. गणित अभ्यासगटाच्या प्रमुख मंगला नारळीकर यांचे म्हणणे असे होते की, लिहिताना आधी दोन आणि बोलताना आधी एक, या उलटापालटीत लहान मुले अडकतात, विशेषतः ज्यांच्या घरी गणित करून घेणारे कोणी नाही ती. विधानसभेपासून व्हॉट्सअ‍ॅपपर्यंत थट्टा झाली. पद्धत योग्य होती की नाही यावर मतभेद होऊ शकतात, पण त्यात गणित तसूभरही कमी झालेले नव्हते. पोहोचण्याची वाट तेवढी सोपी करण्याचा प्रयत्न होता. त्यावर राज्यभर रान उठले, आणि प्रत्यक्ष आशय वगळला जातो तेव्हा मात्र ओझे कमी झाले म्हणून आपण समाधानी असतो.

ज्ञान कशाला म्हणायचे

‘माहिती काय, मोबाइलवर मिळते, मुलांना विचार करायला शिकवा’ हे वाक्य आज प्रत्येक शिक्षण परिषदेत ऐकू येते. ऐकायला ते छान आहे, पण विचार कशाचा करायचा हे त्यात सांगितलेले नसते. डोना रेक्ट आणि लॉरेन लेस्ली या अमेरिकी संशोधकांनी १९८८ साली सातवी-आठवीच्या ६४ मुलांवर केलेला एक प्रयोग या संदर्भात नेहमी सांगितला जातो. मुलांना बेसबॉलच्या सामन्यातल्या एका डावाचे वर्णन वाचायला दिले. काही मुले वाचनात चांगली होती, काही कच्ची; काहींना बेसबॉल चांगला ठाऊक होता, काहींना नाही. वाचनात कच्ची पण खेळ जाणणारी मुले, वाचनात चांगली पण खेळ न जाणणाऱ्या मुलांपेक्षा मजकूर अधिक नीट समजू शकली. म्हणजे वाचून समजणे हे निव्वळ कौशल्य नसून त्या विषयाचे आधीचे ज्ञान त्यात मोठा वाटा उचलते. ई. डी. हर्श या अमेरिकी अभ्यासकाने १९८७ पासून याच मुद्द्यावर आग्रह धरला की, गरीब घरातल्या मुलांना शाळेने क्रमवार, भरपूर आणि सर्वांना समान माहिती द्यावी. ‘कौशल्ये’ म्हणून जी वेगळी काढली जातात ती बरीचशी या माहितीवरच उभी असतात.

यावर आक्षेप येतो तो असा की, हे ज्ञान ठरवले कोणी? वरच्या वर्गाने आणि वरच्या जातींनी आपले जग पाठ्यपुस्तकात घातले आणि त्याला ज्ञान म्हटले. १९७१ साली इंग्लंडमध्ये हा आक्षेप जोरात मांडणाऱ्यांत आणखी एक मायकेल यंग होते. नाव तेच, विषयही शेजारचा, पण माणूस वेगळा. गंमत अशी की, पुढे याच दुसऱ्या यंग यांनी आपली भूमिका बदलली. अभ्यासक्रमावर सत्ताधाऱ्यांचा ठसा असतो हे खरेच, पण त्यामुळे भौतिकशास्त्र किंवा बीजगणित हे केवळ सत्ताधाऱ्यांचे मत ठरत नाही, असे ते म्हणू लागले. सत्तावानांचे ज्ञान वेगळे आणि माणसाला बळ देणारे ज्ञान वेगळे. बळ देणारे ज्ञान म्हणजे असे, जे रोजच्या अनुभवातून आपोआप मिळत नाही, जे आपल्या गावापलीकडे आणि आपल्या काळापलीकडेही लागू पडते, आणि ज्याच्या आधारे अनुभवालाच प्रश्न विचारता येतो.

हे अमूर्त वाटत असेल तर नाशिक जिल्ह्यातच त्याचा पुरावा आहे. निफाड किंवा दिंडोरीतल्या द्राक्ष बागायतदाराच्या घरातले मूल बागेबद्दल जे जाणते ते शहरातल्या विज्ञान शिक्षकाला ठाऊक नसते. ऑक्टोबरच्या गोडी छाटणीनंतर पाऊस रेंगाळला, सकाळी दव धरले, की पानाच्या खालच्या बाजूला केवडा हा बुरशीचा रोग येणार, भुरी या दुसऱ्या रोगाचे हवामान वेगळे, बोर्डो मिश्रण हे बुरशीनाशक कधी मारायचे आणि कधी हात आखडायचा, हे सगळे ते पाहत पाहत शिकते. हे ज्ञान खरे आहे आणि कष्टाने मिळालेले आहे. परंतु २०१० च्या हंगामात युरोपला गेलेल्या भारतीय द्राक्षांत क्लोरमेक्वाट क्लोराइड या वाढरोधकाचे अंश सापडले, माल अडकला, नाकारला गेला आणि बागायतदारांचे प्रचंड नुकसान झाले. खरड छाटणीनंतर वेलीची वाढ आवरून घडनिर्मिती वाढावी म्हणून ते वर्षानुवर्षे वापरले जात होते, आणि अनुभवाच्या हिशेबाने त्यात काहीही चुकीचे नव्हते: वेल चांगली होती, मणी चांगला होता, गोडी चांगली होती. मर्यादा होती एका किलोमागे मिलिग्रॅमच्या काही शतांश भागांची, आणि ती डोळ्याला दिसत नाही, जिभेला कळत नाही. ती समजायला दशांश अपूर्णांक लागतात, द्रावणाची संहती लागते, एखादे रसायन वनस्पतीत किती काळ टिकते याची कल्पना लागते. याचा पाया शाळेच्या पुस्तकांतच आहे. २०१० च्या त्या फटक्यानंतर रेसिड्यूची, म्हणजे मालात उरलेल्या औषधांच्या अंशांची, तपासणी, फवारणीच्या नोंदी आणि काढणीपूर्व कालावधी या गोष्टी निर्यातदार शेतकऱ्याच्या रोजच्या बोलण्यात अधिकच आल्या. ‘शेती करणाऱ्याला कशाला हवे ते विज्ञान?’ असे म्हणणाऱ्याने पिंपळगाव बसवंतच्या एखाद्या पॅकहाऊसमध्ये तासभर उभे राहून तेथले कागद वाचावेत.

याचा अर्थ घरच्या अनुभवाला शाळेत जागा नाही, असा मात्र होत नाही. मध्य प्रदेशात १९७२ साली १६ शाळांतून सुरू झालेल्या होशंगाबाद विज्ञान कार्यक्रमात मुले आसपासची माती, पाने, किडे आणि पिके घेऊन स्वतः प्रयोग करीत, आणि त्यातून मोजमाप, वर्गीकरण, कारणमीमांसा अशा विज्ञानाच्या मुख्य गोष्टींपर्यंत पोहोचत. तीस वर्षांनी, २००२ मध्ये, सरकारने तो बंद केला. पण परिसर हे निघण्याचे ठिकाण ठेवून विज्ञानापर्यंत जाता येते, हे त्याने दाखवून दिले होते. याउलट, परिसर हेच मुक्कामाचे ठिकाण ठरवले तर काय होते, याचे उदाहरण १९५३ साली मद्रास राज्यात दिसले. मुख्यमंत्री राजगोपालाचारी यांनी प्राथमिक शाळेचे तास कमी करून उरलेल्या वेळात मुलांनी घरचा व्यवसाय शिकावा अशी योजना आणली. कागदावर ती श्रमप्रतिष्ठेची आणि शाळांत जास्त मुलांना सामावण्याची योजना होती. व्यवहारात कुंभाराच्या मुलाने कुंभारच व्हावे, असा तिचा अर्थ होत होता. तीव्र विरोध झाला आणि १९५४ मध्ये त्यांच्यानंतर मुख्यमंत्री झालेल्या कामराज यांनी ती रद्द केली.

महात्मा फुले यांनी १९ ऑक्टोबर १८८२ रोजी हंटर शिक्षण आयोगाला दिलेले निवेदन या दृष्टीने पुन्हा वाचण्याजोगे आहे. वरच्या थरातल्या थोड्यांना शिकवले की शिक्षण आपोआप खाली झिरपेल, हा सरकारी समज त्यांनी खोडून काढला, बारा वर्षांपर्यंतचे प्राथमिक शिक्षण सक्तीचे करावे असे सांगितले आणि अभ्यासात काय असावे हेही सांगितले: मोडी आणि बाळबोध वाचन-लेखन, हिशेब, सर्वसाधारण इतिहास, भूगोल, व्याकरण, शेतीचे प्राथमिक ज्ञान, नीती आणि आरोग्य. यात शेती आहे, तशी जगाची ओळख करून देणारा भूगोल आणि इतिहासही आहे. खेड्यातल्या शाळांत विषय शहरापेक्षा कमी असले तरी चालतील, असेही त्यांनी म्हटले होते, आणि एकोणिसाव्या शतकातल्या परिस्थितीत ते व्यवहार्य होते. आज तेवढ्या एका वाक्याचा आधार घेऊन खेड्यातल्या मुलाला कमी देणे योग्य ठरणार नाही. १९६४ ते १९६६ या काळात काम केलेल्या कोठारी शिक्षण आयोगाने तर शालेय शिक्षणाच्या पहिल्या दहा वर्षांत विज्ञान आणि गणित सर्वांना अनिवार्य असावे, अशी स्पष्ट शिफारस केली.

पाठ्यपुस्तकात कोणाचे जग दिसते, हा प्रश्न येथे वेगळा काढून पाहावा लागतो. सुरगाण्याच्या मुलाला पुस्तकात बोहाडा या आदिवासी मुखवटा-उत्सवातल्या मुखवट्याचे एक चित्र दिले की त्याचे प्रतिनिधित्व झाले, असे समजणे ही स्वस्त सोय आहे. इंग्रजांविरुद्ध उठाव करून १८४८ साली ठाण्याच्या तुरुंगात फाशी गेलेले राघोजी भांगरे, किंवा २ मार्च १९३० रोजी नाशिकमध्ये सुरू झालेला काळाराम मंदिर सत्याग्रह, हे केवळ ‘आपल्या भागातले’ म्हणून नव्हे, तर जमीन, सावकारी, सत्ता आणि नागरी हक्क यांचा इतिहास त्यांच्याशिवाय समजतच नाही म्हणून शिकवायला हवेत, आणि कॉलेज रोडच्या मुलालाही तितकेच शिकवायला हवेत.

आता पुन्हा त्या २० गुणांकडे येता येईल. ब्रिटिश समाजशास्त्रज्ञ बेझिल बर्नस्टीन यांनी विषयांच्या घडणीतला एक फरक सांगितला होता. इतिहासात शिवकालाचा धडा चुकला तरी १८५७ समजू शकते. गणित मात्र एकावर एक रचत जाते: भागाकार नसेल तर अपूर्णांक नाही, अपूर्णांक नसेल तर गुणोत्तर नाही, गुणोत्तर नसेल तर समीकरणही नाही आणि विज्ञानातली घनताही नाही. त्यामुळे दहावीत २० गुणांवर अडकलेले मूल दहावीत अडकलेले नसते. ते बहुधा चौथी-पाचवीत अडकले आणि तसेच पुढे सरकत आले. मुलांना वाचता-मोजता किती येते हे घरोघरी जाऊन तपासणाऱ्या ‘असर’च्या पाहणीत ग्रामीण भारतातल्या तिसरीच्या मुलांपैकी दुसरीच्या पातळीचा मजकूर वाचू शकणारी मुले २०१८ साली २७.३ टक्के होती, कोरोनानंतर २०२२ मध्ये ती २०.५ टक्के झाली. गणितातल्या शाब्दिक उदाहरणाचे पुढे काय होणार, हे येथेच ठरते. आठवीपर्यंत नापास न करण्याच्या धोरणाने मुले शाळेत टिकली, पण मागे राहिलेल्यांना हात देण्याची जी जोड त्या धोरणाला अभिप्रेत होती, ती फार थोड्या शाळांत मिळाली. आता पाचवी आणि आठवीला वार्षिक परीक्षा परत आली आहे. परीक्षेमुळे कमतरता कळेल. ती भरून काढायला शिक्षक, वेळ आणि मुलाच्या बोलीतून समजावण्याची तयारी लागेल.

म्हणून शेऱ्यासह २० गुणांची तरतूद मला ना दयाळू वाटते ना गुणवत्तेला घातक. एका ठरावीक मुलासाठी, जे आता सोळा वर्षांचे आहे आणि ज्याची मागची वर्षे परत येणार नाहीत, ती सुटकेची वाट आहे आणि ती बंद करण्यात शहाणपण नाही. परंतु धोरण म्हणून तिचा परिणाम वेगळा होऊ शकतो. ज्या शाळेत गणिताचा शिक्षकच वर्षभर नव्हता, तेथे ‘२० तरी मिळवा’ हेच उद्दिष्ट होऊन बसेल, आणि शाळेचे अपयश विद्यार्थ्याच्या गुणपत्रिकेवर शेरा म्हणून उमटेल. शेरा कोणत्या मुलांच्या वाट्याला येईल, याचा अंदाज करायला फार हुशारी लागत नाही. सीबीएसईने दहावीच्या गणितात ‘बेसिक’ आणि ‘स्टँडर्ड’ असे दोन पेपर केले, राज्य मंडळातही काही वर्षे ‘सामान्य गणित’ हा पर्याय होता. अशा पर्यायांबाबत पाहण्याची गोष्ट एकच असते, ती म्हणजे पर्याय मूल निवडते की त्याची शाळा आणि परिस्थिती त्याच्यासाठी निवडते.

राज्यात नवी पाठ्यपुस्तके २०२५-२६ मध्ये पहिलीपासून टप्प्याटप्प्याने येऊ लागली आहेत. शिक्षणहक्क कायद्यानुसार सरकारी आणि अनुदानित शाळांच्या व्यवस्थापन समितीत तीन चतुर्थांश सदस्य पालक असतात, आणि हा कायदा आठवीपर्यंत, म्हणजे अपूर्णांक, दशांश आणि गुणोत्तर जेथे शिकायचे असते त्याच वर्गांपर्यंत लागू आहे. आश्रमशाळांचा कारभार पाहणारे आदिवासी विकास आयुक्तालय तर नाशिक शहरातच आहे. या समित्यांच्या बैठकांत गणवेश, पोषण आहार आणि शौचालये यांवर चर्चा होते, आणि ती व्हायलाच हवी. तिच्या जोडीला पाचवीच्या वर्गातल्या किती मुलांना आज भागाकार येतो, ज्यांना येत नाही त्यांच्यासाठी आठवड्यात किती तास वेगळे ठेवले आहेत आणि गणित-विज्ञानाची रिक्त पदे कधीपासून रिक्त आहेत, ही माहिती पालक सदस्यांना लेखी मागता येते.